खटका सोडायची वेळ

नदीवर धुकं असं उतरलं होतं, की पलीकडे काठ आहे की नाही याचीच शंका यावी. म्हातारा नावाडी होडीत बसून इंजिनाकडे बघत होता. उजवा हात मांडीवर पडला होता. थंडीतल्या आजारपणानंतर तो हात त्याचा होता, तो नावापुरताच.

हँडल फिरवायला जोर लागतो, आणि जोर गेला म्हणजे इंजिन गेलं, असा त्याचा सरळ हिशेब. जावयाने पेट्रोलचं इंजिन ठरवूनही टाकलं होतं. "बाबा, बटण दाबलं की ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं. कुणीही चालवेल." दुपारी जुनं इंजिन भंगारात जाणार होतं. त्या 'कुणीही'ने म्हाताऱ्याच्या काळजाला घरं पडली होती. कुणीही चालवणार, तर मग आपण कशाला?

"आपल्या या जुन्या इंजिनात ठिणगीच नसते गं," तो होडीत समोर बसलेल्या बायकोला म्हणाला. "नुसती हवा कोंडायची. सायकलच्या पंपाचं टोक तापतं ना, तशी ती दबून दबून तापते. मग डिझेल आत उडालं, की आपसूक पेट घेतं."

"मग इतकी वर्षं मी होडीत काय झोपा काढत होते?" असं म्हणत बायकोने बाह्या सारल्या आणि हँडल उचललं. "खटक्यापाशी बसा."

इंजिनाच्या डोक्यावरचा खटका ही आजवर तिची जागा; हँडल तो मारायचा. तो वर असेपर्यंत हवा निसटत राहते, म्हणून चाक हलकं फिरतं. चाकाने वेग घेतला की खटका खाली सोडायचा, हवा कोंडते. नावाड्याच्या दंडात इंजिन आहे, असं लोक म्हणत. त्यालाही ते पटलेलं होतं. खटका म्हणजे त्याच्या लेखी बसल्याजागचं काम.

त्याने तो भलताच लवकर सोडला. चाक जागीच अडलं, हँडलला हिसका बसला.

"अहो, माझा हात मोडायचाय का?"

दुसऱ्यांदा तो तिच्याकडे बघतच राहिला, खटका सोडायचा राहून गेला आणि ती दमून थांबली. धाप लागलेली, कपाळावर केस चिकटलेले. त्याला फार वाईट वाटलं.

"तुला कसं कळायचं गं, कधी सोडायचा ते?" सगळ्या संसारात हे त्याने पहिल्यांदाच विचारलं.

"तुमच्या श्वासावरून. सगळा जोर लावताना तुम्ही श्वास धरता. तेव्हा." ती जरा थांबली. "आजारपणातही तुमच्या उशाशी बसून तेच ऐकत होते. धरलेला श्वास सुटतोय ना, एवढंच."

तिने पुन्हा हँडल धरलं. त्याने डोळे मिटले. धुक्यात नदी नव्हती, काठ नव्हता, फक्त तिचा श्वास होता, भरभर चालणारा. मग तो थांबला.

त्याने खटका सोडला.

इंजिन एकदा अडखळलं, मग धडधडू लागलं. पायाखालची फळी जुन्या ओळखीने थरथरली.

"जावयांना काय सांगायचं?" तिने कपाळ पुसत विचारलं.

"सांग, हे कुणीही चालवू शकत नाही," नावाडी म्हणाला. "याला आपण दोघं लागतो."