पोट मोजण्याआधीचा प्रश्न

कारेगावच्या जिममधला ट्रेनर सोनोग्राफीसारख्या छोट्या मशीननं अंगातली चरबी आणि स्नायू मोजतो. पोटाला जेल लावलं की भलेभले श्वास रोखून पोट आत ओढतात. हा रागावत नाही. मशीन हातात धरून मायेनं विचारतो, "मामा, आज घरी काय केलंय जेवायला?"

"मटण," म्हणायला तोंड उघडलं की श्वास सुटतो, पोट जागेवर येतं आणि हा मशीन टेकवतो. "व्हय, दिसतंय की हितं!"

मीही असाच फसलोय. म्हणून परवा मशीन हिसकावून त्याच्याच पोटाशी नेलं. गड्याचं पोट पार पाठीला लागलं. मी मायेनं विचारलं, "सर, घरी काय केलंय आज?"

त्यानं ओठ घट्ट मिटून भिंतीवरच्या मारुतीकडं बोट दाखवलं, म्हणजे शनिवारचा उपास.

वार होता गुरुवार.