चाळीस घुंगरांचं पान

आमच्या घरात मार ही रोजची गोष्ट होती. त्याबद्दल बोलताना कुणी आवाजसुद्धा खाली करत नसे. हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण होतात, तसे आमच्याही घरी व्हायचे. बाहेरच्या खोलीत आबा तार ओढायचे, तापवून सांधे झाळायचे. मधल्या खोलीत आई साखळीला घुंगरं जोडायची. झाळ नीट बसली नाही, चहा उशिरा आला, बाहेर कुणी वाकडं बोललं, की आबांचा हात आईवर पडायचा. कधी नुसता हात, कधी हाताला येईल ते. एकदा लाकडी पाट आला होता. आईची डावी करंगळी तेव्हापासून वाकडी झाली. त्याच करंगळीनं ती साखळी ताणून धरायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी अकरावीला, रोज एसटीनं कोल्हापूरला जायचे. कॉलेजजवळच्या वाचनालयात मला एक कादंबरीमाला सापडली. सहा जाडजूड भाग. गोष्ट एका लोहाराच्या पोरीची. ती जळता निखारा मुठीत धरायची आणि तिचा हात भाजत नसे. तिच्या मुलखाचा राजा असा, की त्याला राग आला की गावंच्या गावं दगडाची व्हायची. पोरगी सहाही भाग त्याच्याशी लढत राहते. रक्ताचे पाट, उडालेली मुंडकी, पेटलेले किल्ले. मला त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. वर्गातली एक मुलगी सहावा भाग माझ्याआधी वाचून आली आणि "शेवटी काय होतं सांगू?" म्हणाली, तेव्हा मी तिच्या कपाळावर कंपासपेटी फेकून मारली. दोन टाके पडले. बापाची लेक, दुसरं काय. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण शेवट कळला नाही याचं समाधान जास्त होतं.

आईला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी मी तिच्याशेजारी बसून मोठ्यानं वाचायचे आणि ती घुंगरं जोडायची. मान वर न करता मध्येच विचारायची, "मारला का न्हाय त्या मेल्याला?" तिला घड्याळ लागत नसे. माझं एक पान होईपर्यंत तिची आठ घुंगरं जोडून व्हायची. "वीस पानं झाली की गं, ऊठ आता, भाकरीचं बघ," असं ती पुढ्यातल्या घुंगरांकडे बघून सांगायची आणि कधी चुकायची नाही.

सहाव्या भागाचं शेवटचं प्रकरण राहिलं, तेव्हा आईनं मला बजावलं, "एकटीनं फुडचं वाचायचं न्हाय हं." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून येताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि माझा शब्द वाटेतल्या पट्टणकोडोलीपर्यंतही टिकला नाही.

लोहाराची पोर राजाच्या दरबारात जाते. मुठीतला निखारा स्वतःच विझवते. त्याच्यापुढे मान झुकवते. राजा तिला ठार मारतो, मग तिचं प्रेत बघून त्याचा राग कायमचा निवतो, आणि दगडाची झालेली गावं पुन्हा माणसांत येतात. लेखकानं हे फार सुंदर लिहिलं होतं, तीच तर चीड. मी हमसून हमसून रडले आणि पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर मुठी आपटल्या. पुढचे म्हातारे दचकून वळले, "काय झालं गं पोरी? कोण गेलं?" मी म्हटलं, "आमच्यातलं एक गेलं." ते बिचारे हुपरी येईपर्यंत माझ्याकडे वळून वळून बघत होते.

माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. आईनं सहा भाग ऐकले ते हे ऐकायला? मान झुकवून मेलीस की त्याचा राग निवेल, हे मी तिला माझ्या तोंडानं सांगू?

घरी आल्यावर शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. शेवटच्या पानापर्यंत पुस्तकात होतं तसं वाचलं. मग ते पान पुढ्यात उघडं ठेवून मनचं सांगायला लागले. पोरीनं निखारा विझवला नाही. राजानं हात उगारला तो तिनं वरच्यावर धरला. आणि म्हणाली, आता नाही, उद्याही नाही. मी सांगतच राहिले. राजाचा हात जळला, किल्ला जळला, पोरगी चालत घरी आली. आई घुंगरं जोडत राहिली.

तिसऱ्या दिवशी पैंजणांचा एक जोड आखूड निघाला. आबा आत आले आणि त्यांनी हात उगारला. आई शेगडीपाशी होती. तिनं डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं आणि उजव्या हातातला तापलेला चिमटा त्यावर टेकवला. कातडी चरचरली, तो वास मला अजून येतो. आबा गुरासारखे ओरडले. आई म्हणाली, "मारायचं न्हाय तुमी. आता न्हाय आणि उद्याबी न्हाय."

तशातही तिचं 'तुमी' सुटलं नव्हतं.

आबांनी दुसऱ्या हातानं हातोडी उचलली. मी दारात उभी होते. हे माझं वाक्य होतं. मी लबाडी केली होती आणि तिच्यापायी आता आईचं डोकं फुटणार होतं. हातोडी आईच्या कानाजवळून भिंतीवर गेली. पोपडा पडला. आबा बाहेर गेले.

ते सुधारले वगैरे काही नाही. राग आला की हातोडी भिंतीवर फेकायचे. त्या भिंतीला इतके खड्डे पडले की पाहुणे विचारायचे. आईला मात्र पुन्हा हात लागला नाही. तरी मी कित्येक वर्षं त्या हातोडीच्या भीतीनं झोपेतून उठायचे. थोडी आत गेली असती, तर आईला मी मारलं असतं.

पुढे माझं लग्न झालं, नवं शतक लागून सात-आठ वर्षं झाली. कोल्हापुरात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर सहावा भाग दिसला आणि मी तो घेऊन तडक हुपरीला गेले. दुपार होती. आई मधल्या खोलीत घुंगरं जोडत होती. मी म्हटलं, "आई, तुला एक सांगायचं राहिलंय," आणि शेवटचं पान होतं तसं वाचलं.

आईनं पुढ्यातली घुंगरं बोटानं बाजूला सारली. "आठ झाली बघ," ती म्हणाली. "तवा ह्याच पानाला चाळीस झालती."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"न कळायला काय झालं? पान उलटल्याचा आवाज न्हाय आणि घुंगरं चाळीस!"

"मग चिमटा कशाला उचललास? ते पुस्तकात नव्हतंच की!"

आईनं वाकड्या करंगळीनं साखळी ताणून धरली.

"पुस्तकात न्हाय, तर माझ्या पोरीच्या मनात हाय, एवढं कळलं. तुला माझा मार बघवत न्हाय, हे तोवर मला कुणी सांगितलंतं?"