माणूस खाली, डबा वर

टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीची सहल वासोण्याच्या सिंह सफारीला गेली, तेव्हा सिंहाने दिवसभरात एकच काम केलं. त्याने जांभई दिली. तीही जाळीच्या बसपासून चांगली लांब, झाडाखाली लोळत. पण आमच्या शेजारच्या भाऊंना त्या जांभईतले दात दिसले आणि ते थेट सीटखाली गेले. गेले ते गेले, हातातला थेपल्यांचा डबा मात्र त्यांनी वरच धरून ठेवला. माणूस खाली, डबा वर.

मी फोटो काढला. तिथेच थांबायला हवं होतं, पण मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार. बस कॉलनीत पोहोचायच्या आत मी त्या फोटोचं स्टिकर करून ग्रुपवर टाकलंसुद्धा.

स्टिकर तुफान चाललं. टँकर उशिरा आला की स्टिकर, लिफ्ट बंद पडली की स्टिकर. समोरच्या गुजराती मावशी तर रोज सकाळी सुप्रभात म्हणून तेच पाठवू लागल्या. कुणाच्या तरी मुलीचा साखरपुडा झाला, तर अभिनंदनातही भाऊ सीटखाली. 'ते मी केलंय बरं का,' असं मी न विचारता सांगत सुटले होते. भाऊही हसायचे. म्हणजे दात दिसायचे.

भाऊ धुळ्याकडचे, इथल्या एका कारखान्यात सुपरवायझर. जिन्यात भेटले की 'जेवल्या का ताई' विचारल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. हळूहळू मी दिसले की त्यांना काहीतरी विसरल्याचं आठवायला लागलं आणि ते मागे फिरायला लागले. शेवटी एकदा मी त्यांना दारातच गाठलं आणि विचारलं, फोटोचा राग आला का?

"फोटोचं काही नाही हो ताई," ते म्हणाले. "पहिले पोरगी झुरळ निघालं का मलाच हाक मारायची. आता मम्मीला बोलावते."

त्यांची पोरगी दुसरीत होती. मला फार लाज वाटली. घरी येऊन मी स्टिकर पुसलं, ते फक्त माझ्या फोनमधून गेलं. मग ग्रुपवर हात जोडून लिहिलं, की कृपया यापुढे ते कुणी वापरू नये. उत्तरादाखल तिघांनी तेच स्टिकर पाठवलं.

त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात झुरळ निघालं. उडणारं. खरं सांगते, प्रायश्चित्त वगैरे काही डोक्यात नव्हतं. मी झुरळाला भयंकर घाबरते आणि हे आजवर शिताफीने लपवलं होतं. लाटणं घेऊन मी खुर्चीवर चढले आणि भाऊंच्या नावाने असा काही टाहो फोडला, की दोन मजले दारात आले.

भाऊ चप्पल घेऊन धावत आले आणि एका फटक्यात काम झालं. मागोमाग आलेली पोरगी बापाकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. पदर खोचलेला, डोळे विस्फारलेले, लाटणं वर. तिने हातातला आईचा मोबाइल उचलून माझ्यावर धरला.

भाऊंनी कॅमेऱ्यावर हात ठेवला. "नको बेटा. घाबरलेल्या माणसाचा फोटो काढायचा नसतो."

ती बरं म्हणाली. मी अजून खुर्चीवरच होते.