देवापुढचा पंप

देव असेल तर पाड्यापाड्यावरची पोरं धापा का टाकतात, हे मी सभांमधून ओरडून विचारत आले. मला स्वतःला लहानपणापासून दमा. उत्तर अजून मिळालेलं नाही. तरी हे लिहिते आहे.

पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावर पत्रकं वाटायला गेले होते. ‘दम्याच्या पंपाची सवय लागत नाही, भगताची वाट पाहू नका,’ असं ठळक छापलेलं. गठ्ठा घेऊन उतरले आणि माझी पिशवी, तिच्यात माझा पंप, जीपच्या टपावर मोखाड्याला गेली. त्यात दिवस राब भाजण्याचे. भाताचं रोप टाकायच्या जागी पालापाचोळा, शेण पसरून पेटवलेलं, धूर सगळा वस्तीवर. बघता बघता छातीत शीळ वाजू लागली. बोलता येईना. फोनला रेंज नाही. चिडायलाही श्वास लागतो, हे तेव्हा कळलं.

एका म्हातारीने दंडाला धरून धुराबाहेरच्या तिच्या घरात नेलं, ताठ बसवलं. समोर ‘हिरवा’ या त्यांच्या घरच्या देवाची मोरपिसं आणि शेजारी कोरा निळा पंप, वर कुंकू. नातीला सरकारी दवाखान्यातून मिळालेला. नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय इथे कुणी तोंडात घालत नाही, मग औषध कसं घालतील? भगत येईल, देवाला दाखवील, मग पोर घेईल. तोवर पोर कोपऱ्यात खोकत होती.

मी नुसतं बोट दाखवलं. म्हातारी देवाकडे बघत उभी राहिली. तेवढ्या वेळात मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. कुणाला, ते मलाही माहीत नाही.

“घे गो बाय,” ती म्हणाली. “देव थांबल. तुजा जीव नाय थांबाचा.”

पंप हलवला, श्वास सोडला, दाबत सावकाश आत ओढला, धरून ठेवला. थोडं थांबून पुन्हा. हळूहळू छाती मोकळी झाली. मग पंपाचं तोंड पुसून नातीलाही तसंच शिकवलं. भगताला काय सांगणार, असं विचारलं तर म्हातारी हसली. “त्यालाबी धाप लागतं. दे त्याला तुजा कागूद.”

मोखाड्याला जाऊन तपासून घेतलं, पिशवीही मिळाली. राग गेलेला नाही, जायलाही नको. पण नव्या पत्रकातून भगताची ओळ काढली. तिथे आता छापलंय: पंप देवाला जरूर दाखवा, आणि लगेच घ्या. त्या दिवशी माझ्या मुठी आवळलेल्याच होत्या. हात जोडायला त्या उघडाव्या लागल्या, आणि मगच पंप हातात आला. त्या घरच्या देवाची मी ऋणी आहे. तो थांबला.