अनवाणी, बर्फापर्यंत

नवस बोलताना माणसाने जरा आपण कुठे राहतो याचा विचार करावा. मी केला नाही. एसीच्या कामाचं कंत्राट गेलं म्हणून ह्यांच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात हेही गेले. त्याच आठवड्यात सासूबाईंनी कोकणात आमच्या ग्रामदेवीपुढे गाऱ्हाणं घालायला लावलं. गुरव तिकडे घसा ताणून देवीला साकडं घालत होता आणि इकडे बहरीनमध्ये, सनद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी फोन स्पीकरवर ठेवून हात जोडून उभी. गाऱ्हाणं संपता संपता माझ्याच तोंडून निघून गेलं: ह्यांना इथे नवी नोकरी लागेपर्यंत मी पायात वहाण घालणार नाही. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "होय महाराजा." झालं. शब्द गेला तो गेला.

उन्हाळा अजून सरला नव्हता. खाली कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध आणायला जायचं तर पार्किंगचं डांबर तव्यासारखं तापलेलं. मी सावली शोधत, गाड्यांच्या कडेकडेने जायची. शेजारची मल्याळी बाई रोज विचारायची, "पैर को क्या हुआ?" काय सांगणार तिला? "गरमी होती है," म्हणायची मी. ती आपली बघतच राहायची.

हे चिडले होते. "माझ्या नोकरीपायी तुझे पाय कशाला भाजून घेतेस?"

"तुमचे इंटरव्ह्यू तुम्ही बघा, माझे पाय मी बघते," मी म्हटलं. माझी जीभ पहिल्यापासून अशीच, काय करू. पण खरं सांगायचं तर मी घाबरले होते. मुलगी नववीत. ईसा टाउनच्या शाळेत पहिलीपासूनच्या तिच्या मैत्रिणी. गावी परतायचं तर हिला कुठल्या शाळेत घालायचं, ह्यांनी या वयात कोणाच्या दारात उभं राहायचं, हेच दिवसरात्र डोक्यात चालायचं. मला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून मी अनवाणी चालत होते.

थंडी आली तशी एक आशा दिसली. एका कंपनीत ह्यांचं बोलणं झालं, तोंडी होकारही मिळाला. फक्त वरच्या साहेबाची सही राहिली होती. तिथला माणूस दर फोनला "इंशाल्ला" म्हणायचा आणि हे फोन ठेवून आमच्याकडे बघून हसायचे. आम्हीही हसायचो.

त्यातच जॉर्जियाची तिकिटं होती. नोकरी असताना काढलेली, परत न होणारी. बहरीनचं रेसिडेन्सी कार्ड असलं की तिकडे व्हिसा लागत नाही, म्हणून इथली अर्धी माणसं हिवाळ्यात बर्फ बघायला तिकडेच पळतात. लेकीला मी कबूल केलं होतं की तुझ्याबरोबर स्कीइंग करीन. वर्षभर ती मोबाइलवर मला व्हिडिओ दाखवत होती. हे म्हणाले, "जाऊन येऊ. कार्ड आहे तोवर जाऊ."

निघायच्या आधी अरादच्या किल्ल्यापाशी समुद्रावर फिरायला गेलो आणि टाचेत शिंपल्याची कड घुसली. जखम एवढीशी, पण नेमकी पाय टेकतो तिथे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बंद बूट घाला, धूळ लागू देऊ नका. मी हळद भरली आणि पट्टी बांधली.

विमानतळावर मी लोकरीच्या मोज्यांत. मोजे म्हणजे काही वहाण नव्हे, असा निकाल मी स्वतःच दिला होता. डोंगरावरच्या गावात उतरलो तेव्हा मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. लेक माझ्यापासून चार हात लांब चालायला लागली. "आई, प्लीज. पीपल आर लुकिंग."

"बघू देत. माझे पाय आहेत."

स्कीचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात लाकडी बाकं होती, ओल्या मोज्यांचा वास होता. मी बाकावर बसून राहिले. लेकीने एकटीने बूट घातले, हेल्मेट घातलं, आणि माझ्याकडे न बघता उभी राहिली. कबूल करून न पाळणारी आई तिला नवी नव्हती म्हणा, पण या वेळी तिचे डोळे भरले होते. मला स्वतःचाच संताप आला.

हे लाइनीत होते. मध्येच फोन कानाला लावून बाहेर गेलेले मला दिसले. परत आले ते हातात आणखी एक बुटांचा जोड घेऊन. माझ्यापुढे खाली बसले.

"घाल."

"अहो, नवस आहे!"

"ही वहाण आहे का? ज्यात धड चालता येत नाही ती कसली वहाण? पिंजरा आहे हा. घाल. देवीला मी सांगतो."

एवढं बोलून त्यांनी माझा पाय हातात घेतला, पट्टी नीट केली, आणि एकेक बक्कल स्वतः लावलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी कधी माझ्या पायाला हात लावला नव्हता. मी दुसरा पाय पुढे केला. मनातून मला जायचंच होतं, हेही खरं.

टाच ठसठसत होती. शिकवणारा पोरगा ओरडून सांगत होता, स्कीची पुढची टोकं जवळ, मागे फाकवा. माझे पाय कुठे ऐकतात! मी जी सुटले ती थेट खाली. एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी माझी लेक वरून किंचाळली, "आई, टोकं जुळव! आई गं, टोकं जुळव!" आणि मी धप्पकन बसले. बर्फात बसून मी हसत सुटले. कितीतरी महिन्यांनी. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. वर बघितलं तर हे हात हलवत होते.

संध्याकाळी बूट काढला तेव्हा मोजा रक्ताने चिकटला होता. कोणाला दाखवला नाही.

बहरीनला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा घेताना हे म्हणाले, "ते काम खलास. साहेबाने सही केली नाही."

मी कप खाली ठेवला. "कधी कळलं?"

"तिथेच. बुटांच्या लाइनीत असताना फोन आला."

"मी बूट घालायच्या आधी?"

"आधी."

आधी. म्हणजे नवस मोडून बिघडायला काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी मला बूट घातले. आणि ते दुःख पोटात ठेवून वर उभं राहून हात हलवला. किती मोठं मन माणसाचं, असं वाटून मला भरून आलं. मी त्यांच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं. मला तेवढंच सुचलं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. नोकरीचं मी त्यांना सांगितलं. मग म्हणाल्या, "तिकडे बर्फात काय केलंस? पायात काय घातलंस तर नाही ना गो?"

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी फोन स्वतःकडे ओढला. "नाही आई. काही घातलं नाही. नुसत्या मोज्यांत बसून होती दुकानात."

चहाचा घोट घेतल्यासारखं, सहज. जराही अडखळले नाहीत. नजरही हलली नाही. "आधी" म्हणाले होते, तेव्हाचाच तो आवाज होता. मग नकार खरंच मी बूट घालायच्या आधी आला होता का?