उस्तादांचा पांढरा पाट

उस्तादांच्या घरी ते यंत्र आलं ते खेळणं म्हणून. त्यांची आखातात राहणारी मुलगी सुट्टीला आली, तेव्हा पोरांसाठी टीव्हीला जोडायचा गेमचा डबा घेऊन आली होती. पोरं परत गेली, डबा मागं राहिला. जाताना तिनं बापाला बजावलं की यात व्यायामाचे खेळ आहेत आणि ते रोज करायचे.

डब्यासोबत एक पांढरा पाट होता. आमच्या साताऱ्याकडं पंगतीला मांडतात तेवढाच. वर उभं राहिलं की तो आपलं वजन ओळखायचा, आणि आपण जिकडं झुकू तिकडं टीव्हीतला बाहुला झुकायचा.

मी तेव्हा कापसाच्या मुलखात, नेर गावी, उस्तादांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात काम करत होतो. शाळा आठवीतच सोडलेली. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या, मशिनी बसवणाऱ्या टोळीबरोबर एवढ्या लांब आलो, टोळी पुढच्या गावाला गेली आणि मी तापानं फणफणत इथंच राहिलो. उस्तादांनी घरामागच्या खोलीत जागा दिली, खालानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मऊ खिचडी भरवली. बरा झाल्यावर उस्तादांनी ना दाखला विचारला ना जात. तांब्याची तार हातात दिली आणि म्हणाले, "बस इथं." तेव्हापासून मी त्यांचा 'सातारा' झालो. ते नुसते शिंकले तरी मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडं बघायचो. यांना काही झालं तर आपलं कसं, ही भीती मनातून कधी गेलीच नाही.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं. विहिरीवरची मोटार जळाली तर लोक जळकीच ठेवायचे. दुकानात बसून बसून उस्तादांचं पोट सुटलं आणि गुडघे धरले. नमाजला खाली बसून कपाळ जमिनीला टेकवायचं, म्हणजे सजदा करायचा, तर ते जमेना. टेकवलं तरी परत उठता येईना. गेल्या ईदला ईदगाहवर ते रांगेच्या टोकाला घडीच्या खुर्चीवर बसले होते, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

"सगळे जमिनीवर, अन मी एकटाच वर बसून," ते म्हणायचे. "या बकरी ईदले मी रांगेत उभा राहीन, सातारा. खुर्ची नाई."

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पण नेरसारख्या गावात मोठा माणूस बिनकामाचा रस्त्यानं चालतो म्हणजे काहीतरी बिघडलंय. दर वळणावर कुणीतरी गाडी थांबवायचा. "उस्ताद, काहून पायी? गाडी बंद पडली काय? बसा, सोडून देतो." चार दिवसांत उस्ताद कंटाळले. मग डबा निघाला.

सकाळी भारनियमन सुरू व्हायच्या आत आम्ही बैठकीत टीव्ही लावायचो. उस्ताद पाटावर, मी त्यांच्या मागं हात पसरून उभा, चालायला शिकणाऱ्या लेकराच्या मागं राहावं तसा. पडद्यावर इंग्रजी यायचं, ते मी आठवीच्या भांडवलावर वाचायचो. पहिल्याच दिवशी यंत्रानं त्यांच्या बाहुल्याचं पोट फुगवलं आणि त्यांच्या शरीराचं वय ऐंशी सांगितलं.

खाला दारातून बघत होती. "या अल्लाह," ती म्हणाली, "मंग माह्यं लग्न कोन्या बुढ्यासंग लावलं?"

उस्तादांचा आवडता खेळ बर्फाचा. डोंगरावरून घसरत यायचं, गुडघे वाकवून खाली दबायचं आणि कडा आला की झटकन सरळ उठायचं. उठायला उशीर झाला की बाहुला लोळागोळा होऊन खाली यायचा. बर्फ पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते कितीतरी वेळ बघत राहिले. "येवढा कापूस! जिनिंगवाल्यायनं उचलला नाई काय?"

पहिले काही दिवस बाहुला रोज लोळायचा. उस्ताद माझ्या खांद्याला धरून उठायचे. मग नुसता हात टेकवू लागले. दुसरीकडं रोजच्या वजनाची पडद्यावर उमटणारी रेघही खाली यायला लागली, आणि ती भलतीच वेगानं. उस्ताद हरखले. चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून झालं.

"पोट तं तेवढंच दिसते, उस्ताद," टपरीवाला म्हणाला.

"तुह्या डोयानं दिसते. मशीन खोटं बोलते काय?"

मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. एवढं वजन एवढ्या लवकर उतरतं ते आजारी माणसाचं, असं मी ऐकलं होतं. साखर असेल का, आणखी काही असेल का? रात्री झोप लागेना. विचारायचं कुणाला?

एके दिवशी दुपारी तारेचं बंडल न्यायला घरी आलो. बैठकीचं दार नुसतं लोटलेलं. ढकललं तर आत खाला, ओढणी कमरेला कसून पाटावर उभी, आणि कंबर गरागरा फिरवतेय. पडद्यावर उस्तादांचा दाढीवाला बाहुला कमरेभोवती रिंगण फिरवत होता.

"दार लाव आधी!" ती ओरडली. मी बाहेर राहून दार लावलं. तेव्हा आतून म्हणाली, "आत येऊन लाव, येड्या."

माझ्या लक्षात आलं. ती उस्तादांच्याच नावावर चढत होती. दुसरं नाव घालायचं कसं ते तिला माहीत नव्हतं. तिचं वजन ते केवढं, चिमणीएवढं. यंत्र दोघांच्या वजनाची सरासरी काढत होतं; उस्तादांची रेघ खाली आणली होती ती खालानं.

उस्ताद आजारी नाहीत म्हणून मला हायसं वाटलं, पण आता हे त्यांना कळलं तर? मी तोंड उघडलं नाही. रात्री जेवताना खालाच म्हणाली, "ते मशीनवर मी बी चढतो दुपारची. तुमच्याच बाहुल्यावर."

उस्तादांचा घास हातातच राहिला. "कवापासून?"

"रेघ खाली येऊन राह्यली तवापासून."

 दुसऱ्या दिवशी सकाळी पाट काढलाच नाही. दुकानात आल्यावर विड्याचं पान नुसतं हातात खेळवत म्हणाले, "साऱ्या गावाले सांगितलं ना बे मी."

मी भीतभीतच म्हणालो, "उस्ताद, वजन खालाचं असेल. पण उठता तुम्ही तुमचेच. काल माझा खांदा धरला नाहीत."

 त्यांनी पान तोंडात टाकलं. पुढच्या सकाळी पाट परत निघाला. खालासाठी मी वेगळी बाहुली केली, तिला ओढणी मिळाली नाही म्हणून खाला रुसली, आणि उस्तादांची रेघ एका झटक्यात डोंगराएवढी वर गेली. त्या रेघेकडं बघायचं नाही असं आमचं ठरलं.

ईदच्या सकाळी उस्ताद पांढऱ्या कपड्यांत, अत्तर लावून पुढं निघाले. खालानं मागच्या दारानं घडीची खुर्ची माझ्या हातात दिली. "त्याईले सांगू नको. पन जवळ राहू दे." मी ती सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि ईदगाहच्या भिंतीबाहेर निंबाखाली जाऊन उभा राहिलो.

भिंत बुटकी होती. आत टोप्याच टोप्या. उस्तादांची तपकिरी लोकरी टोपी मी शोधून ठेवली. रांगा वाकल्या, मग खाली गेल्या आणि टोप्या दिसेनाशा झाल्या. नुसत्या पाठी, पांढऱ्या, लांबपर्यंत. मी खुर्ची सोडून काखेत धरली. भिंतीवरून उडी मारावी लागली तर कुठून, तेही बघून ठेवलं.

मग रांगा उठल्या. त्यांच्या रांगेत एक जागा रिकामी राहिली. शेजारचा माणूस जरासा हलला असं मला वाटलं.  आणि त्या फटीतून तपकिरी टोपी वर आली, सावकाश, थोडी डावीकडं झुकली, आणि सरळ झाली.

नमाज संपली, खुतब्याचं प्रवचन झालं, गळाभेटी सुरू झाल्या. प्रत्येकाला भेटत भेटत उस्ताद बाहेर आले. कपाळाला माती लागलेली, ती पुसली नव्हती.

"कडा आला समजलो," ते म्हणाले, "अन उठलो." मग माझ्या काखेकडं बघितलं. "हे कायले आनली बे?"

 त्यांनी खुर्ची काढून घेतली, निंबाखाली उघडून मांडली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं.

"बस. तुहेच पाय कापून राह्यले."

मी बसलो. खरंच कापत होते.