कोरड्या दिवशीचा ड्रम

वरून पत्रक आलं: आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, साठवलेलं पाणी ओतून द्या, मलेरिया पळवा. लिहिणाऱ्याच्या घरी नळ रोज येत असणार. आमच्या भडगाव तालुक्यातल्या गावात तो दहा दिवसांनी येतो, तोही रुसल्यासारखा.

मी तिथली नर्स. आदेश म्हणजे आदेश! बॅटरी घेऊन घरोघरी ड्रममध्ये डोकावत निघाले. खरी काळजी एकाच घराची होती, माझ्या भाड्याच्या खोलीला भिंत लागून असलेल्या अक्कांच्या. त्यांच्या सुनेला आठवा महिना, आणि मागच्याच गल्लीत थंडीतापाचे दोन रुग्ण निघालेले. त्या पोरीला मलेरिया झाला असता तर दोन जिवांवर बेतलं असतं.

अक्कांच्या ड्रममध्ये अळ्या वळवळत होत्या. माझं डोकंच फिरलं. "अक्का, नातवंड हवंय की डास?" असं ओरडत मी ड्रम आडवा केला. पाणी अंगणातून गटारीत गेलं.

अक्का गटारीकडे बघत म्हणाल्या, "ताई, बठ्ठं पानी वती दिधं. नळले आखो पाच दिन शेत. पोर काय पिई?"

नळाला अजून पाच दिवस होते, तोवर पोरीनं प्यायचं काय, याचं उत्तर पत्रकात नव्हतं. सून हंडा उचलून शेतातल्या विहिरीकडे निघाली, तशी मी घाबरले. तिला हाताला धरून परत आणलं आणि मोठ्या ऐटीत माझ्या ड्रममधलं हंडाभर पाणी आणून दिलं.

इथे पाणी गाळल्याशिवाय माठात जात नाही. अक्कांनी माठावर लुगड्याचं फडकं दुहेरी धरलं, मी हंडा ओतला. फडक्यावर अळ्याच अळ्या! माझ्या ड्रमचं झाकण उन्हाळ्यातच फुटलं होतं, पण स्वतःच्या घरी बॅटरी घेऊन कोण तपासणीला जातं?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीच्या एका बाजूला ती पोर झोपत होती आणि दुसऱ्या बाजूला मी डास पाळत होते.

अक्कांनी आवाजही चढवला नाही. फडकं तसंच धरून विचारलं, "ताई, हाई बी वती देऊ का?"

सून तांब्या घेऊन उभी होती.

"नको," मी म्हणाले, "गाळून प्या."

देवाची कृपा, पोरीला ताप आला नाही. अहवालात ते कोरड्या दिवसाचं यश म्हणून गेलं. खाली सही माझीच आहे.